दोन हाळ्या

गेली बरीच वर्षं माझं पोट फोनवर चाललंय. मी फोन विकत नाही, दुरुस्तही करत नाही. माणसाने फोन केला की पलीकडून माणसाऐवजी जे यंत्र बोलतं, ते यंत्र घडवायचं काम मी हैदराबादच्या एका कंपनीत करत आलो. ‘मराठीसाठी तीन दाबा’, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, ‘कृपया प्रतीक्षा करा’ ही वाक्यं कुठे यायची, किती वेळाने पुन्हा यायची, ऐकणारा कंटाळून फोन ठेवायच्या बेतात असेल तर त्याला कसं धरून ठेवायचं, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या खोलीत मराठी कळणारा मी एकटाच होतो. त्यामुळे मराठी आवाज ऐकून ‘बरोबर आहे’ म्हणायचं कामही माझ्याकडेच होतं.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हे यंत्र एकदा ऐकलं होतं. कसल्याशा चौकशीसाठी राजेश्वर गावातल्या टेलिफोन बूथवरून अण्णांनी त्यांना नंबर लावून दिला. हे अण्णा म्हणजे बूथचे मालक. आप्पा त्या फोनमधल्या बाईशी बराच वेळ बोलले. आपण कोण, कुठले, काय पाहिजे, सगळं सांगितलं. बाई म्हणाली, प्रतीक्षा करा. आप्पा कानाला फोन लावून उभे राहिले. मागे रांग लागली तरी उभे राहिले. पुढे मी गावी गेलो तेव्हा म्हणाले, “बाई लई नम्र हाय बग तुमची. पन आयकत न्हाई.”

मी हसलो. ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं, तेही हसले.

आमची वस्ती राजेश्वरच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत, माळाच्या कडेला. आजोबांपर्यंत आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. आप्पांच्या वेळी फिरणं कमी झालं होतं, पण मेंढरं होती. ते आणि माझे चुलते दोन कळप घेऊन ओढ्याच्या दोन अंगांना बसायचे. कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, त्या रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. दिवेलागणीला दोघे भाऊ एकमेकांना हाळी द्यायचे. त्या हाळीत शब्द नसायचा. तोंडाशी हात धरून पोटातून काढलेला एकच लांब आवाज. आप्पांची हाळी ओढा, बाभळी आणि पलीकडचं टेकाड ओलांडून जायची. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसलेला असलो की माझ्या छातीत ती थरथरायची.

हाळीचे नियम होते आणि ते मला अक्षरओळखीच्या आधी पाठ झाले. एक हाळी म्हणजे सगळं ठीक. तिला उलट एक द्यायची. दोन हाळ्या म्हणजे ये. त्यांनाही उलट एकच द्यायची. तिचा अर्थ, ऐकलं, निघालो. आणि सगळ्यात पक्का नियम यापुढचा होता. दोन हाळ्यांना उलट एक मिळाली की बोलावणाऱ्याने जागा सोडायची नाही. काहीही होवो, तिथेच थांबायचं. कारण येणारा अंधारात आवाजाचा माग धरून येतो, आणि तुम्ही हललात की तो रिकाम्या जागी पोचतो. चुलते एकदा घाबरून हलले होते. आप्पा त्यांना शोधत भलतीकडे गेले आणि मधल्या वेळेत लांडग्याने हात धुऊन घेतला. त्यावरून आप्पा त्यांना म्हातारपणापर्यंत टोमणे मारायचे. “दादा, जागा सोडू नगंस,” असं जेवायला उठतानाही म्हणायचे.

पुढे हमरस्ता रुंद करायचं काम निघालं. माळावर खडी फोडायच्या मशिनी आल्या, चराई संपली. मेंढरं विकली. चुलते वारले. आप्पा दुसऱ्यांच्या रानात तुरीच्या, हरभऱ्याच्या कामाला जाऊ लागले. मी तोवर बिदरला शिकून हैदराबादला लागलो होतो. नोकरीत पहिल्यांदा पेजर मिळाला तेव्हा मी तो कंबरेला लावून मुद्दाम गावी गेलो. आप्पांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. विचारलं, ह्याच्यातून उलट बोलता येतं का? नाही, नुसतं कळतं, असं मी सांगितलं. “म्हंजे आयकू येतंय आन् बोलू येत न्हाई,” ते म्हणाले आणि माझ्या हातात परत दिला. त्यांना तो आवडला नाही.

त्या काळात मी रविवारी बूथवर फोन करायचो. अण्णा कुणाला तरी वस्तीवर पिटाळायचे, मी थोड्या वेळाने पुन्हा लावायचो, तोवर आप्पा धापा टाकत आलेले असायचे. बोलायचं काय ते त्यांना सुचायचं नाही. पाऊस, तब्येत, माय बरी आहे. पण जे बोलायचे ते ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. मागून अण्णांचा आवाज यायचा, “अवो आप्पा, तार हाय मधी. तार नेतीय आवाज, तुमी कामून नेयलाव?”

मग मोबाइल आले. राजेश्वरला टॉवर उभा राहिला आणि आमच्या माळावरच्या कडुलिंबाखाली सिग्नलच्या दोन काड्या दिसू लागल्या. मी आप्पांना एक साधा फोन नेऊन दिला. आकड्यांपैकी दोनची कळ दाबून धरली की माझा नंबर लागेल अशी सोय करून दिली. ते दोन दिवस कळ दाबून बघत होते. तिसऱ्या दिवशी मी निघताना त्यांनीच ठरवून टाकलं.

“रोज बोलायचं काय आसतंय? दिवेलागनीला एक हाळी दी. म्या एक दीन. रिंग वाजली की तोडायचं. पैसाबी लागत न्हाई.”

सगळा देश तेव्हा मिस कॉल देत होता. पण आमच्या घरात ती हाळी होती आणि हाळीचे नियम तिला लागू होते. माय सांगायची, फोन लिंबाच्या बेचक्यात ठेवून आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसतात. वाजला की उठतात, एक देतात आणि मगच भाकरीला बसतात.

मी काही महिने हे नीट पाळलं. मग काम वाढलं. दिवेलागण ही आमच्या ऑफिसात वेळच नव्हती. काचा गडद होत्या, दिवे दिवसभर जळायचे. मी विसरू लागलो. एका संध्याकाळी विसरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. तेव्हा माय फोनवर आली. तिला फोनचा राग यायचा, तरी आली. म्हणाली, “जेवले न्हाईत रं. नुसतं लिंबाखाली बसलेत.”

मला खरोखर वाईट वाटलं. हे मी आधी लिहितो, कारण पुढे जे केलं ते निष्काळजीपणाने केलं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मी ते काळजीपोटी केलं.

आमच्याकडे तपासणीसाठी एक यंत्र होतं. एक लहान डबी, तिच्यात मोबाइलचं सिम कार्ड घालायचं, ती कॉम्प्युटरला जोडायची. मग कॉम्प्युटरला सांगू तेव्हा तो फोन लावतो, सांगू तेव्हा तोडतो. एका दुपारी मी त्या डबीत एक नवं सिम घातलं आणि चार ओळींचा हुकूम लिहिला. रोज दिवेलागणीच्या सुमाराला आप्पांच्या नंबरवर एक हाळी. रोज ठरल्या मिनिटाला गेली तर संशय येईल, म्हणून वेळ थोडी मागेपुढे होईल असं केलं. त्या मागेपुढे करण्याचा मला अभिमान वाटला. माणूस कसा वागतो ते मी बरोबर पकडलं होतं.

मग गावी जाऊन आप्पांच्या फोनवरची दोनची कळ या नव्या नंबरला जोडून आलो. नंबर बदललाय, एवढंच सांगितलं. रविवारी मी माझ्याच मोबाइलवरून बोलायचो. कोणत्या नंबरवरून बोलतोय हे ते बघत नसत. त्यांना माझा आवाज पुरायचा.

काही आठवड्यांनी कळलं की आप्पा कधीमधी दुपारीही हाळी देतात. रानातून येता-जाता, मनात आलं म्हणून. त्यांना उलट हाळी मिळत नव्हती. ते काही म्हणाले नाहीत, मायकडून कळलं. मग मी आणखी दोन ओळी लिहिल्या. या नंबरवर कुणाचा फोन आला तर पहिल्या रिंगला तोडायचा आणि उलट एक द्यायची.

आणि दोन हाळ्या लागोपाठ आल्या तर? तेही माझ्या मनात आलं होतं. दोन आल्या तर माझ्या खऱ्या मोबाइलवर निरोप पाठवायचा, एवढंच करायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण आप्पांनी फोन घेतल्यापासून एकदाही दोन दिल्या नव्हत्या. आमच्या धंद्यात जे सहसा घडत नाही ते शेवटी करायचं असतं. मी ते पुढच्या आठवड्यावर टाकलं, आणि मग त्याच्या पुढच्या.

बायकोला मी हे सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती. म्हणाली, “माझ्यासाठीपण बसवा एक. ‘आज जेवायला येणार नाही’ म्हणून कळवत जाईल.” मग थोड्या वेळाने, भांडी आवरताना, हसणं संपल्यावर म्हणाली की हे काही बरं दिसत नाही. मी म्हणालो, त्यांना रोज वेळेवर हाळी मिळते, ते वेळेवर जेवतात. यात वाईट काय आहे?

खरोखर ते वेळेवर जेवत होते. ऑफिसात उशीर झाला तरी मला अपराधी वाटेनासं झालं. किंबहुना मला संध्याकाळी त्यांची आठवण यायचीच बंद झाली. आठवण ठेवायचं काम मी दुसऱ्याला दिलं होतं आणि तो ते माझ्यापेक्षा चांगलं करत होता.

ती संध्याकाळ मी नंतर लोकांकडून तुकड्यातुकड्याने ऐकली. आप्पा हरभऱ्याच्या रानातून आले. हात धुवायला तांब्या उचलला तर तो उजव्या हातातून गळून पडला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ते लिंबाखाली जाऊन बसले. मायला म्हणाले, हाताला मुंग्या यायल्यात. मग पायालाही. वस्तीवरची दोन-चार माणसं जमली. कुणी म्हणालं, टेंपो आणू, बसवकल्याणला दवाखान्यात नेऊ. आप्पांनी डाव्या हाताने फोन घेतला. दोनची कळ दाबली, रिंग गेली, तुटली. पुन्हा दाबली. रिंग गेली, तुटली.

आणि मग आप्पांच्या हातातला फोन वाजला. माझ्या यंत्राने पहिल्या हाळीला उत्तर दिलं असेल की दुसरीला, ते मला कळलेलं नाही. वाजला एकदाच.

“आली,” आप्पा म्हणाले. “आयकलंय त्यानं. निघाला आसंल.”

टेंपो आणायला निघालेल्या माणसाला त्यांनी थांबवलं. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. हैदराबादहून गाडी घेऊन येईल, मोठ्या दवाखान्यात नेईल, आपण मध्येच कुठे गेलो तर चुकामूक होईल. जागा सोडायची नाही. त्यांनी असं सांगितलं आणि मायने ते मानलं. धनगराच्या घरात नांदलेली बाई, तिला नियम माहीत होता. तिने त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि शेजारी बसून राहिली. हमरस्त्यावरून आत वळणारा प्रत्येक दिवा त्यांना मी वाटत होतो.

मी त्या वेळी ऑफिसातच होतो. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांना आम्ही नवं यंत्र दाखवत होतो. ते आता ऐकणाऱ्याचा राग ओळखून आवाज मऊ करणार होतं. आप्पांच्या हाळ्या ज्या डबीत येत होत्या, ती माझ्या खुर्चीमागच्या काचेपलीकडे ठेवलेली होती.

सकाळी उजाडलं तेव्हा आप्पांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि शब्द गेले होते. तेव्हा माय हमरस्त्यापर्यंत धावत गेली आणि राजेश्वरला अण्णांच्या दारात पोचली. अण्णांनी जीप केली, बिदरचा दवाखाना गाठला. वाटेत ते आप्पांच्या फोनवरून माझा नंबर लावत होते. प्रत्येक वेळी फोन तुटायचा आणि उलट एक मिस कॉल यायचा. शेवटी त्यांना आठवलं की पूर्वी मी ऑफिसचा लँडलाइन नंबर बूथवर देऊन ठेवला होता. तिथे ‘इंग्रजीसाठी एक दाबा’ ऐकून, नऊ दाबून, ताटकळून, ते माझ्यापर्यंत आले.

“तुझा फोन लागतोय, आन् कट होतोय, आन् उलटा येतोय,” ते म्हणाले. “काय लावलास काय त्याला?” मग माझ्या उत्तराची वाट न बघता आप्पांचं सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मायला विचारलं, त्रास कधी सुरू झाला. ती म्हणाली, काल दिवेलागनीला. डॉक्टर तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. वेळ फार गेला, एवढंच म्हणाले. आप्पा खाटेवर होते. त्यांचा डावा डोळा माझ्यावर स्थिर होता. ओळखत होते. माय बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसली आणि तिने राग न करता, नुसतं समजून घ्यायला विचारलं, “हाळी दिलास, मंग कुटं आडकलास रं?”

“गाडी मिळाली न्हाई,” मी म्हणालो.

तिने मान डोलवली. हैदराबादसारख्या गावात गाडी मिळत नाही, यावर तिने विश्वास ठेवला. कदाचित तिला ठेवायचा होता.

अण्णांनी ठेवला नाही. औषधं आणायला आम्ही दोघे गेलो तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर थांबले. मोबाइल आल्यापासून त्यांचा बूथ बंद पडत चालला होता. काचेच्या खोलीत आता ते रिचार्जची कार्डं विकत. ते म्हणाले, “आमचा धंदा बसवलात तुमी लोकांनी, त्याचं काय न्हाई. म्या दर रविवारी पोरगा पाठवून तुज्या बापाला बोलवत हुतो. पोरगा जायाचा, आप्पा घरात हाईत का न्हाईत, दुखतंय का खुपतंय, बगून यायाचा.” त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

हैदराबादला परत आल्यावर मी डबीतून ते सिम काढलं. कॉम्प्युटरमधल्या त्या ओळी पुसल्या. सिम एका जुन्या मोबाइलमध्ये घातलं आणि तो मोबाइल तेव्हापासून माझ्या खिशात असतो. माझ्या कामाचा फोन एका खिशात, हा दुसऱ्यात. मीटिंगमध्येही बंद करत नाही. हाताखालच्या पोरांना तो माझा चक्रमपणा वाटतो.

आप्पांना घरी आणून काही दिवस झाले होते. एका संध्याकाळी मी पार्किंगमध्ये उतरत असताना तो मोबाइल वाजला आणि तुटला. मी उलट एक देणार, तोच पुन्हा वाजला. दोन. मी उलट एक दिली आणि तसाच गाडी घेऊन निघालो. झहीराबाद, हुमनाबाद, कुठेही थांबलो नाही. वस्तीवर पोचलो तर आप्पा बाजेवर बसलेले होते, माय त्यांना पेज भरवत होती. सगळं ठीक होतं.

माय म्हणाली, “आता दोनच दाबतेत. कालबी दाबले.”

काल मी हैदराबादला होतो आणि लिफ्टमध्ये होतो. लिफ्टमध्ये फोन लागत नाही.

त्यानंतर रोज दोन यायच्या. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, हात नीट चालत नाही, एकदा दाबायचं ते दोनदा दाबलं जात असेल. असेल. पण आप्पा डाव्या हाताने दाबत होते, आणि डाव्या हाताला काही झालेलं नव्हतं. मी त्यांना हैदराबादला आणायचाही प्रयत्न केला. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि जेवेनासे झाले, तेव्हा परत नेऊन सोडलं. मायही तिथे राहिली नाही.

रोज दोनशे किलोमीटर जाणं मला शक्य नव्हतं. सुरुवातीला शनिवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग जमेल तसं. उरलेल्या सगळ्या दिवशी मी पार्किंगमध्ये, लिफ्टच्या दाराशी, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता माफी मागून, खिशातला मोबाइल काढायचो आणि उलट एक हाळी द्यायचो. ऐकलं, निघालो. आणि निघायचो नाही. आता हे करायला मला यंत्र लागत नव्हतं.

आप्पा त्या अवस्थेत बरीच वर्षं जगले आणि एका दुपारी झोपेतच गेले. त्याबद्दल मला फार सांगायचं नाही. मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका रविवारचं.

मी दुपारपासून वस्तीवर होतो. माय सुपात तूर पाखडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. कसं सुरू करावं, कसं सांगावं हे वर्षानुवर्षं मनात घोळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “माय, त्या दिशी हाळी म्या न्हाई दिलो. मशीननं दिलं.”

तिने सूप थांबवलं. “कोन्चं मशीन?”

मी डबीचं सांगितलं, हुकमाचं सांगितलं, रोजची हाळीही तीच डबी द्यायची हे सांगितलं. ती ऐकत होती. सुपातला एक खडा तिने चिमटीत धरला होता.

“त्याला कोन सांगिटलं हुतं, दे म्हनून?”

“म्या.”

“मंग तूच दिलास की,” ती म्हणाली. “कामून दुसऱ्याचं नाव घ्यायलास?”

तिने खडा टाकला आणि पुन्हा पाखडू लागली. मी रडेन असं मला वाटलं होतं, किंवा ती. तसं काही झालं नाही. तूर संपेपर्यंत मी तिच्यासमोर बसून राहिलो. उठताना ती म्हणाली, दिवेलागण व्हायलीय, आप्पाच्या पाठीमागं उशी दे जाऊन.

आप्पा लिंबाखालच्या बाजेवर होते. मी उशी दिली आणि त्यांच्या शेजारी टेकलो. माझा खांदा त्यांच्या दुबळ्या खांद्याला लागला होता. त्यांना माझा वास येत असणार, माझं वजन बाजेवर कळत असणार. हमरस्त्यावर ट्रकचे दिवे लागले. आप्पांनी डावा हात बेचक्यापर्यंत नेला, फोन काढला, मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने कळ दाबून धरली.

माझ्या खिशात मोबाइल वाजला. तो आवाज त्यांना ऐकू गेला. त्यांची नजर माझ्या खिशावर आली. मी हात लावला नाही. रिंग तुटली. त्यांनी नजर काढून घेतली आणि पुन्हा दाबली. खिसा पुन्हा वाजला.

“आप्पा, म्या हितंच हाव,” मी म्हणालो. “आलोय म्या. बगा की.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अनोळखीपणा नव्हता. तोंडाच्या चांगल्या बाजूने ते थोडे हसल्यासारखेही झाले. मग त्यांनी मान खाली घातली आणि हातातल्या फोनकडे बघत राहिले. भाकरी घेऊन माय आली, आमच्याकडे बघून ताटासह उभी राहिली. “दी त्यास्नी,” ती म्हणाली. “त्याबिगर खात न्हाईत.”

मी खिशातून मोबाइल काढला. शेजारी बसून, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन वाजला. मी तोडला.

आप्पांनी मान कलती करून ते ऐकलं, आवाज विरून गेल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन मांडीवर ठेवला, माझ्या खांद्यापासून थोडे सरकून सरळ बसले आणि हमरस्त्यावरून आत वळणाऱ्या वाटेकडे बघू लागले.